खोकल्यावर तो काय म्हणला

शेवंता, ते मी चुकून नव्हतं केलं.

एवढं एकच वाक्य होतं. ते तुले सांगायले मले नऊ वर्षं पुरली नाई. तू रोज समोर होती. सकाळी चुलीपुढं होती, दुपारी सुपात तांदूळ घेऊन ओसरीत होती. मी म्हणो, उद्या सांगू. आता तुझी तेरवी होऊन आठ दिवस झाले, पाहुणे गेले, घर मोकळं झालं, आन मी मंदाची जुनी शाळेची वही घेऊन तुले लिहीत बसलो. चौथी शिकलेला माणूस, चुका होतीन. तुले वाचता येत नव्हतं, म्हणून चुका तरी काढणार नाई म्हणा. पण मी तुले ओळखतो. तू न वाचताही काढशीन.

तुले सगळं ठाऊक आहे. तरी पहिलेपासून सांगतो, कारण मलेच ते एकदा एका लायनीत लावून पाहाचं आहे.

मंदाचं लग्न होऊन ती पोंभुर्ण्याले गेली, त्या हिवाळ्यात आपल्या समोरच्या खोलीत ती कॅनडाची पोट्टी राहाले आली. जेनी. आलापल्लीच्या जंगलात सागाच्या खोडाले बारीक भोक पाडे, आतून काडीसारखं लाकूड ओढून काढे आन त्याच्यावरच्या रेघा मोजून झाडाचं वय सांगे. मी हसलो होतो. तुले म्हटलं, "झाडाचं वय पुसाले कॅनडातून आली? मले पुसलं असतं तं मी सांगतलं असतं. आरागिरणीत रोज चार झाडं कापून पाहतो मी."

तू भाकर उलटवत म्हणली, "तुमी कापून पाहता. ते न कापता पाहते. शिका काई तरी."

तिच्या जेवणाचं तू पाहत होती. अंबाडीची भाजी तिले आवडे, मिरची झेपत नव्हती. नाक गळे, डोळे गळे, तरी "और थोडा" म्हणे. तिची हिंदी मोडकी, तुझी त्याहून मोडकी, आन दोघी मिळून तास तास बोलत बसायच्या. मले वाटे, या दोघी बोलते तरी काय? दोघीयच्या मिळून पन्नास शब्द नाई.

मंग एक दिवस संध्याकाळी मी गिरणीतून आलो. पायरीवर बसून भुसा झटकत होतो आन घरातून असा आवाज आला की मी ताडकन उभा राह्यलो. आऱ्याच्या तोंडात खिळा आला की जो आवाज होते ना, तोच. गावाजवळचा जुना साग असला की त्याच्या पोटात कोणी ठोकलेला खिळा असते. झाड त्याच्यावर साल ओढून घेते, बाहेरून दिसत नाई. आरा त्याच्यावर गेला की किंचाळते, आन त्या क्षणी आम्ही सगळे खाली बसतो, कारण पातं तुटलं तं मान नेते. मी पायरीवर तसाच खाली बसलो, डोक्यावर हात धरून. आतून तुम्ही दोघी पाहत होत्या. जेनी घाबरली. तू हसून हसून पदर तोंडात घातला.

"अवो, गाणं आहे ते," तू म्हणली. "कॅसेट आहे. हिच्या गावची."

"हे गाणं आहे?" मी म्हटलं. "मंग आमच्या गिरणीत रोज लग्नच लागते म्हण."

तो एका बँडचा आवाज. लग्नातला पिपाणीवाला बँड नाई. पाच जणांचा, गिटारीवाला. जेनीच्याच गावचे पाच पोरं, एका शाळेतले. तिनं सांगतलं, आता तो बँड राह्यला नाई, तुटला. ही त्यायची शेवटची कॅसेट. जातानी ते तुले देऊन गेली. कव्हरवर पांढऱ्या शेतात एक विजेचा खांब होता. बस, माणूस नाई, जनावर नाई. तू म्हणली, "किती एकटा आहे बिचारा." खांबाले म्हणली.

मी आयुष्यभर पात्यायले धार लावली, शेवंता. मोठा आरा असो का हातकरवत, कानस घेऊन एकेक दाता घासायचा, आन डोळ्यानं नाई, कानानं पाहाचं धार लागली का ते. डावा कान त्यातच गेला. म्हणून तू नेहमी माझ्या उजवीकडं बसायची. लोकायले वाटे, बायको डावीकडं पाहिजे, हिले काई रीत ठाऊक नाई. रीत तुले ठाऊक होती. माझा कान तुले जास्त ठाऊक होता.

त्या उजव्या कानानं मी ते गाणे ऐकले. पहिल्या दिवशी शिव्या दिल्या, पण ऐकले. त्यातली एक गिटार खरंच कानशीसारखी होती, दात्यावरून हळूहळू ओढल्यासारखी. ड्रमवाला असा की ट्रकवरून लठ्ठे सोडून राह्यला, धाड, धाड, मंग थांबे, मंग एकच लठ्ठा घरंगळत जाय. आन गाणारा. त्याचा गळा ऐकून मी म्हटलं होतं, हा माणूस वीस वर्षं भुश्यात काम केलेला आहे. जेनी म्हणली, नाई, त्याच्या बापानं केलं. मी म्हटलं, मंग बापाचाच गळा आला. तिले ते पटलं. वहीत लिहून घेतलं तिनं.

गाणे कशाबद्दल होते ते जेनीनं तुले सांगतलं आन तू मले. मधात किती खरं राह्यलं, देव जाणे. एक होतं गोठलेल्या तलावाचं. तिकडं हिवाळ्यात तलाव दगड होते आन त्याच्यावरून लाकडाचे ट्रक जाते. एक ड्रायव्हर खिडकी उघडी ठेवून चालवते, बरफ फुटला तं उडी मारता याव म्हणून. थंडीनं मरते तरी खिडकी लावत नाई. बरफ तू पाह्यला होता तो मासोळीवालीच्या टोपल्यातला. तरी तू ते गाणं लागलं की खिडकीकडं पाहायची. दुसरं एका मायचं. ते कपडे वाळत घालते आन कपडे दोरीवरच लाकूड होऊन जाते, सदऱ्याचे हात आडवे, जसा कोणी मिठी माराले उभा आहे. पोरगा परदेशी गेलेला. ते माय त्या कडक सदऱ्याले धरून उभी राहते. हे तू मले सांगतलं तवा मंदा सासरी जाऊन तीनच महिने झाले होते. तू सांगता सांगता उठून गेली. मी मागं आलो नाई. यायले पाहिजे होतं.

आन तिसरं ते गिरणीचं. एका माणसाची गिरणी बंद पडते. भोंगा वाजणं बंद होते. तरी तो त्याच वेळेले उठते, बूट घालते, डबा घेते आन जाऊन बंद फाटकापुढं उभा राहते. बायकोले वाटते कामावर गेला.

तवा आपली गिरणी चालू होती. मी म्हटलं, "बावळट आहे. घरी झोपाव ना."

कॅसेटच्या शेवटी एक गाणं होतं त्यात शब्द कमी. दोन ओळी म्हणून गाणारा गप होते, मंग नुसते वाजवत राहते पाची जण. हळू होत होत एकेक जण सोडते. ड्रमवाला सगळ्यात शेवटी. मंग काई नाई, आन त्या काई-नाईमधी कोणीतरी खोकलते. खोलीतल्या माणसासारखं. आन तीन-चार शब्द बोलते. दुसरा कोणी हसते. खट्. संपलं.

तुले सगळ्यात तो खोकला आवडे. "काम संपल्यावर माणूस कसा खोकलते," तू म्हणायची, "तसाच आहे. तुमी पण तसेच खोकलता पायरीवर बसून."

जेनी जायच्या दोन दिवस आधीची गोष्ट. दुपार होती. मी हातपाय धुवून आत आलो तं कॅसेट नुकतीच संपली होती आन तुम्ही दोघी भिंतीले टेकून बसल्या होत्या. जेनीचे डोळे लाल. तुझे पण. तिनं तुले सांगतलं होतं, खोकल्यावर तो माणूस काय म्हणला. त्या पाच जणांचं ते शेवटचं वाजवणं होतं, त्याच्यानंतर ते एका खोलीत कधी आले नाई, आन निघताना तो जे म्हणला ते तिनं तुले हिंदीत सांगतलं. तू माझ्याकडं पाह्यलं. तुले वाटलं, मी विचारीन.

मी म्हटलं, "भात वाढ."

तू वाढला.

त्याच्यावरून आपलं भांडण सुरू झालं, ते काई संपलं नाई. ते पाच जण काऊन तुटले? मी म्हणो, ड्रमवाल्याचा दोष. तो लय मोठ्यानं वाजवते, बाकीच्यायले ऐकू येऊ देत नाई. तू म्हणायची, भांडण झालंच नसन. जेनीनं सांगतलं होतं तुले, भांडण नाई, मारामारी नाई, पैशाची गोष्ट नाई. त्या दिवशी वाजवून झालं, सगळे घरी गेले आन कोणी कोणाले बोलावलं नाई.

"भांडणारे तुटत नाई वो, मंदाचे बाबा," तू म्हणली होती. "बोलनं बंद करनारे तुटते."

मी म्हटलं, "आली मोठी कॅनडावाली."

दुसऱ्या वर्षी आपली गिरणी बंद झाली. काऊन झाली ते सोड, त्याच्यावर मी खूप बोललो, पण पानठेल्यावर. घरी नाई. तुले मी सांगतलंच नाई. तू पहाटे डबा बांधे, मी तो घेऊन निघे. फाटकाजवळ कुलूप पाहो, मंग लाकडाच्या डेपोच्या मागं त्या जुन्या सागाखाली बसून राहो. बारा वाजले की डबा खाओ. पाच वाजता घरी. पंधरा दिवस असं चाललं. मले वाटलं, तुले कळलं नाई.

कपडे तूच धूत होती ना. खिशात भुसा नाई, कॉलरीत भुसा नाई. पंधरा दिवस तू बिनभुश्याचे कपडे धुतले आन डबा बांधला. बोलली नाई. तू मात्र एक केलं. दुपारी ते कॅसेट लावाले लागली. मी सोळाव्या दिवशी लवकर घरी आलो, कारण पाऊस होता, आन पायरीपासून मले ऐकू आलं. तेच गाणं, गिरणीवाल्याचं. तू आत बसून ऐकत होती.

मी पायरीवर उभा राह्यलो. खरं सांगतो, तवा मले पहिल्यांदा त्या गाण्यातला एकही शब्द न समजता सगळं गाणं समजलं. तो भोंग्याच्या वेळेले उठणारा बावळट मी होतो. आन तुले ते ठाऊक होतं. कॅनडातल्या माणसानं माझं गुपित माझ्या घरात, माझ्या बायकोले गाऊन सांगतलं होतं.

मी आत आलो, टेप बंद केला. "काय हे रोज रोज रडगाणं लावते?"

तू शांतपणानं म्हणली, "तो निदान सांगते तरी. रडते, ओरडते, पण सांगते. तुमच्या तोंडाले काय झालं?"

"माझ्या तोंडाले काय होईन?"

"मंग सांगा ना. मी तुमची बायको आहे का फाटकावरचा चौकीदार, तुमी रोज डबा दाखवून निघता?"

माझा हात उठला नाई, ते तू पण सांगशीन. चाळीस वर्षांत उठला नाई. पण जिभेनं मी जे केलं ते हातानं केलं असतं तं बरं झालं असतं. मी म्हटलं, "तुले तो गाणाराच पाहिजे होता. मी कायले?" तू सुपातले तांदूळ खाली ठेवले आन बाडीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तू नदीवर गेली होती. बाडीतल्या मक्याले राघूयनं हैराण केलं होतं. आपल्याकडं रीतच आहे, जुनी बिघडलेली कॅसेट दगडानं ठेचायची, आतली काळी पट्टी काढायची आन शेताच्या या खुंटापासून त्या खुंटापर्यंत ताणायची. उन्हात चमकते, वाऱ्यात घुमते, पाखरं येत नाई. दरसाल मीच ठेचत होतो. त्या दिवशी पण घरात दोन-तीन बिघडलेल्या होत्या, मंदाच्या लग्नातल्या. मी त्या घेतल्या नाई. मी तुझी घेतली.

ओट्यावर ठेवली, दगड उचलला. शेवंता, दगड वर गेला तो खाली आला नाई. हातच आला नाई. मंग मी काय केलं माहीत आहे? दगड ठेवला आन माझ्या कानशीच्या डब्यातून बारीक पेचकस काढला. आपल्या इथल्या कॅसेटा चिकटवलेल्या राहते, पण त्या कॅसेटले स्क्रू होते, पाच, बारीक बारीक. एकेक खोलला, जसं पातं उतरवतो तसा, जपून. म्हणजे राग तेवढाच होता, पण हाताले ठेचता येत नव्हतं. पट्टी काढली, मक्यावर ताणली. कॅसेटचे प्लास्टिकचे दोन खोके चुलीजवळ टाकले. स्क्रू सवयीनं कानशीच्या डब्यात टाकले. लोखंडाचा तुकडा मी कधी फेकत नाई.

तू आली. बाडीत पाह्यलं. खोके उचलले.

मी म्हटलं, "अरे, तुझी होती का ते? मले वाटलं लग्नातली, बिघडलेली."

तू म्हणली, "बरं."

बस. "बरं." नऊ वर्षं मी त्या 'बरं'च्या आत राह्यलो.

त्या सालचा मका राघूयनं खाल्ला नाई. वारा आला की पट्टी घुमे, म्हणते सगळे. मले तो बारीक आवाज कधी आलाच नाई, डाव्या कानाले नाई आन उजव्याले पण नाई. तू मात्र दुपारी मक्याजवळ जाऊन उभी राहत होती, पदर डोक्यावर घेऊन. मले वाटे राघू हाकलते. एक दिवस म्हटलं, "काय करून राह्यली उन्हात?" तू म्हणली, "काई नाई. वारा आहे." मका तोडला तवा खुंट उपटले, पट्टी गोळा होऊन पडली. मले वाटलं, तू कडब्यासंग जाळली.

त्याच्यानंतर तू टेपले हात लावला नाई. मी रहीमभाऊच्या कॅसेटच्या दुकानातून भजनाची आणली, तू लावली नाई. लग्नगीतांची आणली, मंदा आली तवा तिनं लावली. मी पानठेल्यावर एक बोललो, तू नदीवर एक बोलली, आन घरात आपण मीठ-मिरचीचं बोललो. प्रेम नव्हतं असं नाई. मी डेपोत चौकीदारीले लागलो तवा तू पहिल्या दिवशी डब्यात गोड शिरा दिला होता. मले समजलं होतं. बोललो नाई. बोलणं बंद करणारे तुटते म्हणली होती तू. आपण तुटलो नाई. पण वाजवत पण नव्हतो.

शेवटी छातीत पाणी झालं तुले. चंद्रपूरहून मंदानं परत आणलं, डॉक्टरनं सांगतलं घरी न्या. ते दुपार. मंदा विहिरीवर होती. तू डोळे उघडले आन म्हणली, "काई बोलाचं आहे का तुमाले?"

तोंडात होतं. ओठापर्यंत होतं.

मी म्हटलं, "मोसंबीचा रस देऊ?"

तू माझ्या तोंडाकडं पाह्यलं. मंग म्हणली, "द्या."

दोन चमचे घेतला. भात मागितला तो मीच, आन रस दिला तो पण मीच. दोन्ही वेळेले तू माझ्या बोलण्याची वाट पाहत होती, आन मी खाण्या-पिण्याचं बोललो.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मंदानं तुझी लोखंडी पेटी उघडली. लुगडे काढले. सगळ्यात खाली, मंदाच्या लहानपणीच्या झबल्यात गुंडाळलेलं. वर तो एकटा खांबवाला कागद. आत कॅसेटचे दोन्ही खोके, दोऱ्यानं बांधलेले. एक शिवणाच्या दोऱ्याची रिकामी रीळ, आन तिच्यावर काळी पट्टी, तुकडे तुकडे गाठी मारून, अशी गच्च आन सरळ गुंडाळलेली जशी तू वात वळत होती. आन गोळ्यायच्या कागदात पुडी.

मंदानं पुडी सोडली. "बाबा, स्क्रू आहे. पाच."

तिनं खोके उलटून पाह्यले.

"हे आईची कॅसेट ना? तुमी तं म्हटलं होतं जुनी समजून मक्यावर लावली."

"हो."

"मंग स्क्रू काऊन खोलले?" आपली पोरगी तुझ्यावर गेली आहे, गाठ सापडली की सोडत नाई. "जुनी समजली असती तं ठेचली असती ना दगडानं? नेहमी तसंच करत होते तुमी. आमी पाहत होतो." मंग ते बोलता बोलता थांबली. पुडीकडं पाह्यलं, माझ्याकडं पाह्यलं. हळूच म्हणली, "आईले ठाऊक होतं, बाबा."

आन चहाचं निमित्त करून उठून गेली. साखर नव्हती घरात, तरी अर्धा तास आत राह्यली.

तू माझा कानशीचा डबा झाडला असशीन. त्यात ते सापडले. म्हणजे त्याच वर्षी तुले कळलं. मी खोटं सांगतलं हे कळलं, आन मी ठेचू शकलो नाई हे पण कळलं. दोन्ही गोष्टी तू एका पुडीत बांधून ठेवल्या. कोणती जास्त वजनाची धरली, ते सांगून गेली असती तं माझी झोप झाली असती.

मी सगळं घेऊन रहीमभाऊकडं गेलो. त्याच्या दुकानात आता नुसत्या सीड्या आन मोबाईलचे कव्हर. तो पट्टी पाहून म्हणला, "अरे भाऊ, ये तो खेत की पट्टी है! इसपे तो तोतों ने भी गाना गाया होगा."

"जोडाची आहे," मी म्हटलं.

तो हसणार होता. माझं तोंड पाह्यलं आन हसला नाई. भाभी गेल्याचं त्याले ठाऊक होतं. त्यानं बारीक चिकटपट्टी दिली, टेपचा पट्टा बदलून दिला, म्हणला, "भाऊ, धूप खाई है इसने. एक बार चल जाएगी. दूसरी बार का भरोसा मत करना."

तीन दिवस लागले. तुझ्या गाठी एकेक सोडल्या. अकरा होत्या. ज्या सुटल्या नाई त्या कापल्या, पट्टीले पट्टी लावून जोडली. आयुष्यभर दाते सरळ केले, तेवढं येते हाताले. पट्टीवर एका जागी मक्याचं तूस चिकटलं होतं, ते पण काढलं. खोके लावले. पाच स्क्रू बसवले.

मंदा म्हणली, "शाळेच्या सरायले बोलावू का? ते इंग्रजीवाले आहे, शेवटी काय म्हणते ते सांगतीन." माहेरी आली की तुझ्या तोंडून तिनं खोकल्याचं ऐकलं होतं, लहान पोराले सांगाच्या गोष्टीसारखं. मी म्हटलं, नको.

आज दुपारी लावली. पायरीवर बसलो. सवयीनं उजवीकडची जागा तुझ्यासाठी सोडली आन टेप डावीकडं ठेवला. मंग लक्षात आलं, डावीकडून मले ऐकूच येत नाई. उठलो, टेप उचलला. तुझ्या जागेवर ठेवावा लागला, शेवंता. तेवढं एक करताना मले लय वेळ लागला.

पहिले नुसता वारा. खरंच वारा, मक्यातला. मंग तो खिळा लागला, पण मऊ, गंजलेला. गाणारा पाण्याखालून गाते असा वाटे. तलावाचं गाणं अर्धं राह्यलं, ट्रक तिथंच थांबला. मायचं गाणं आलं. गिरणीचं आलं, आन ते सगळं आलं, एक गाठ पण त्यात नव्हती. मी ते पूर्ण ऐकलं. मधात म्हटलं पण मोठ्यानं, "गिरणी बंद झाली शेवंता. सोळा दिवस झाले. मले काई सुचून नाई राह्यलं." मंदा आत होती, बाहेर आली नाई.

मंग शेवटचं. एकेक जण सोडत गेला. ड्रमवाला शेवटी. तू बरोबर होती, त्याचा दोष नाई. तो मोठ्यानं वाजवत नव्हता. तो सगळ्यात जास्त वेळ थांबला होता, बस.

मंग तो खोकला.

आन तो बोलला. स्वच्छ, जसा इथी ओसरीतच आहे. तीन शब्द असतीन, चार असतीन. कोणी तरी हसलं. खट्.

त्या पाच जणांत घरी जाताना कोणी तरी काई तरी म्हणलं, आन ते आपल्या घरात फक्त तुले ठाऊक होतं. तुझ्या ओठावर होतं आन मी भात मागितला. आज चुलीवर भात तसाच आहे, मंदानं दोनदा विचारलं. मी नाई म्हटलं. मी टेपले हात लावला नाई, पट्टी आहे तिथंच आहे, आन मी तुझ्या बाजूनं कान करून बसलो आहे.

सांग व शेवंता. खोकल्यावर तो काय म्हणला?